सकाळी ८:३८ आणि चौकात अंधार: पिट्सबर्ग शहराचे जुने फोटो विद्यापीठाने कसे जपले?

एका चौकाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे. आकाश काळं, रस्त्यावरचे दिवे सुरू, समोरच्या इमारती धूसर. कोणीही बघितलं तर म्हणेल, रात्रीचा फोटो आहे. पण फोटोच्या शीर्षकात वेळ दिली आहे: सकाळी ८ वाजून ३८ मिनिटं.

हा चौक आहे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या पिट्सबर्ग शहरातला, लिबर्टी अव्हेन्यू आणि फिफ्थ अव्हेन्यू जिथे मिळतात तिथला. फोटो १९४० च्या दशकातला. तो अंधार रात्रीचा नाही, कोळशाच्या धुराचा आहे. आज हा फोटो तुम्ही मोबाइलवर फुकट बघू शकता, कारण पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने तो डिजिटल करून 'हिस्टॉरिक पिट्सबर्ग' या वेबसाइटवर ठेवला आहे.

आता एक कल्पना करा. फोटो आहे, पण त्यासोबतची ती '८:३८' ची नोंद हरवली आहे. मग उरतं काय? एका अनोळखी शहराचा रात्रीचा एक साधा फोटो. म्हणजे शहराचा इतिहास जपायचा तर नुसता फोटो स्कॅन करून भागत नाही. फोटोसोबतची माहितीही तितकीच जपावी लागते. हे काम कसं चालतं, त्यात कोणती टेक्नॉलॉजी वापरतात आणि आपल्या घरातल्या फोटोंसाठी त्यातून काय शिकता येईल, ते या लेखात बघूया.

पिट्सबर्गमध्ये इतका धूर का होता?

अलेघेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्यांच्या संगमावर पिट्सबर्ग वसलं आहे. तिथूनच पुढे ओहायो नदी सुरू होते. आजूबाजूच्या डोंगरांमध्ये भरपूर कोळसा होता. नद्यांमुळे माल वाहून नेणं सोपं होतं, त्यामुळे इथे पोलाद उद्योग प्रचंड वाढला.

अडचण अशी होती की हा कोळसा जळताना खूप काजळी आणि धूर सोडायचा. आणि तो फक्त कारखान्यात जळत नव्हता. रेल्वेची वाफेची इंजिनं, नदीतल्या बोटी आणि थंडीत घराघरातल्या भट्ट्या, सगळीकडे तोच कोळसा. त्यात शहर दरीत. थंडीच्या दिवसांत जमिनीजवळची गार हवा खाली अडकून राहायची आणि तिच्याबरोबर धूरही. ऑफिसात जाणारे लोक दुपारी बदलायला दुसरा शर्ट सोबत नेत, असं त्या काळाबद्दल सांगतात.

१९४१ मध्ये शहराने धूर नियंत्रणाचा कायदा केला. पण दुसरं महायुद्ध सुरू होतं, कारखाने जोरात चालणं गरजेचं होतं, म्हणून अंमलबजावणी लांबली. उद्योगांना तो १९४६ मध्ये आणि घरांना १९४७ मध्ये लागू झाला. पुढे घरांत नैसर्गिक वायू आला, रेल्वेत डिझेल इंजिनं आली आणि आकाश मोकळं होत गेलं. हा धोका किती खरा होता हे १९४८ मध्ये दिसलं. मोनोंगाहेला नदीवरच्याच डोनोरा या छोट्या गावात ऑक्टोबरच्या शेवटी विषारी धुरकं काही दिवस अडकून राहिलं आणि २० लोकांचा जीव गेला.

आजच्या पिट्सबर्गमध्ये फिरणाऱ्या तरुणाला हे सगळं सांगितलं तर त्याला ती अतिशयोक्ती वाटेल. ८:३८ चा फोटो दाखवला की वाद मिटतो.

विद्यापीठाकडे कोणते फोटो आहेत?

दोन संग्रह समजून घेतले तरी या कामाची कल्पना येते.

पहिला धूर नियंत्रणाच्या स्लाइड्सचा. वरचा फोटो यातलाच. या 'लँटर्न स्लाइड' म्हणजे काचेच्या छोट्या पट्ट्यांवर उतरवलेले फोटो. त्या काळच्या प्रोजेक्टरमध्ये ही काच घालून चित्र पडद्यावर मोठं दाखवता यायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रेझेंटेशनची स्लाइडच.

दुसरा संग्रह शहराच्या सरकारी फोटोग्राफरांचा. १९०१ पासून महापालिकेच्या नोकरीतले फोटोग्राफर रस्ते, पूल, गटारं, संरक्षक भिंती अशा कामांचे फोटो काढत होते. हेतू अगदी रुक्ष होता: काम कुठे आहे, कसं झालंय, नुकसान काय झालंय याची नोंद ठेवणं. पण रस्त्याचा फोटो काढताना फक्त रस्ता थोडाच येतो? मागे दुकानांच्या पाट्या येतात, भिंतीवरच्या जाहिराती येतात, दारात उभी माणसं येतात, कॅमेऱ्याकडे बघत थांबलेली मुलं येतात. नोंद खड्ड्याची झाली आणि जपली गेली ती अख्खी गल्ली.

म्हणूनच आर्काइव्हमध्ये काम करणारी मंडळी 'हा फोटो कंटाळवाणा आहे, टाकून देऊ' असं सहसा म्हणत नाहीत. पन्नास वर्षांनी कोण त्यात काय शोधेल हे आज सांगता येत नाही.

फोटो डिजिटल करतात म्हणजे नेमकं काय करतात?

आपल्याला वाटतं, स्कॅनरवर ठेवला, बटण दाबलं, झालं. प्रत्यक्षात स्कॅनिंग ही मधली एक पायरी आहे.

१. आधी तब्येत तपासतात. जुन्या काचेच्या निगेटिव्ह तडकतात. नायट्रेट फिल्म सहज पेट घेते, म्हणून ती वेगळी आणि थंड जागी ठेवावी लागते. त्यानंतर आलेली ॲसिटेट फिल्म खराब होऊ लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो आणि ती आकसते. अशा वस्तू आधी स्कॅन कराव्या लागतात, कारण त्यांच्याकडे वेळ कमी असतो.

२. शक्यतो निगेटिव्ह स्कॅन करतात. कागदावरच्या प्रिंटपेक्षा मूळ निगेटिव्हमध्ये बारकावे जास्त असतात.

३. मोठी 'मास्टर' फाइल बनवतात. एक हिशेब करून बघू. ४ × ५ इंचांची निगेटिव्ह दर इंचाला ८०० पिक्सेल या दराने स्कॅन केली तर ३,२०० × ४,००० म्हणजे १ कोटी २८ लाख पिक्सेल मिळतात. १६ बिट ग्रेस्केलमध्ये प्रत्येक पिक्सेलला २ बाइट लागतात. म्हणजे एक फाइल साधारण २५ एमबीची आणि १,००० निगेटिव्ह म्हणजे साधारण २५ जीबी. ही फाइल सहसा टिफ फॉरमॅटमध्ये ठेवतात, कारण त्यात माहिती न गमावता चित्र साठवता येतं.

४. वापरण्यासाठी वेगळी कॉपी काढतात. वेबसाइटवर दिसते ती बहुतेक वेळा हलकी जेपेग किंवा जेपेग २००० कॉपी असते. मास्टर फाइलला कोणी हात लावत नाही.

५. फाइलचा 'अंगठा' घेतात. याला चेकसम म्हणतात. एसएचए-२५६ सारखी पद्धत कितीही मोठ्या फाइलपासून ६४ अक्षर-अंकांची एक ओळ तयार करते. फाइलमधला एक पिक्सेल जरी बदलला तरी ही ओळ पूर्ण वेगळी येते. ठरावीक काळाने चेकसम पुन्हा काढून जुन्याशी जुळवतात. जुळला नाही तर समजायचं की फाइल खराब झाली आहे आणि दुसऱ्या जागेवरची चांगली कॉपी आणायची.

६. माहिती जोडतात. ही सगळ्यात वेळखाऊ पायरी. तिच्याबद्दल आता थोडं सविस्तर.

मेटाडेटा: फोटोचं आधार कार्ड

तुम्ही मोबाइलवर फोटो काढता तेव्हा तारीख, वेळ आणि लोकेशन सुरू असेल तर जागाही फाइलमध्ये आपोआप साठवली जाते. हाच मेटाडेटा. १९४० च्या कॅमेऱ्यात ही सोय नव्हती. कोणीतरी काचेच्या कडेला, पाकिटावर किंवा वहीत हाताने लिहिलं असेल तरच ती माहिती आपल्यापर्यंत पोहोचते.

ग्रंथालयातले लोक ही माहिती ठरलेल्या रकान्यांमध्ये भरतात: शीर्षक, फोटोग्राफर, तारीख, ठिकाण, विषय, हक्क कोणाचे वगैरे. यासाठी 'डब्लिन कोअर' नावाची एक साधी पद्धत जगभर वापरली जाते. तिच्यात मूळ १५ रकाने आहेत. हे डब्लिन आयर्लंडमधलं नाही बरं का, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं आहे. १९९५ मध्ये तिथे झालेल्या बैठकीतून ही पद्धत पुढे आली.

सगळ्यांनी एकच पद्धत वापरली तर फायदा काय? विद्यापीठाचा फोटो, संग्रहालयाचा फोटो आणि सार्वजनिक ग्रंथालयाचा नकाशा एकाच सर्चमध्ये सापडतात. हिस्टॉरिक पिट्सबर्गवर हेच होतं. तिथे विद्यापीठाबरोबर शहरातल्या इतर संस्थांचेही संग्रह आहेत आणि हॉपकिन्स कंपनीने बनवलेले मालमत्तेचे जुने नकाशेही आहेत. फोटोत दुकानाची पाटी दिसली, रस्त्याचं नाव कळलं, की नकाशावर ती इमारत नेमकी कुठे होती ते शोधता येतं.

जो भाग आता अस्तित्वातच नाही

फोटोसोबतची माहिती किती मोलाची असते हे पिट्सबर्गच्या 'हिल डिस्ट्रिक्ट' या भागाकडे बघून कळतं. इथे मुख्यतः कृष्णवर्णीय कुटुंबं राहत होती, शिवाय इतर देशांतून आलेली माणसंही होती. दुकानं, चर्च, जॅझचे क्लब यांनी हा भाग गजबजलेला असायचा. प्रसिद्ध नाटककार ऑगस्ट विल्सन यांचा जन्म १९४५ मध्ये इथलाच.

१९५६ पासून शहराने या भागाचा खालचा हिस्सा, लोअर हिल, पुनर्विकासाच्या नावाखाली पाडायला सुरुवात केली. सुमारे ८,००० लोकांना घर सोडावं लागलं. त्या जागी 'सिव्हिक अरीना' हे सरकत्या घुमटाचं मोठं स्टेडियम उभं राहिलं आणि १९६१ मध्ये सुरू झालं. पुढे २०११-१२ मध्ये तेही पाडलं गेलं. म्हणजे आज तिथे जाऊन उभं राहिलात तर ना जुनी वस्ती दिसेल, ना स्टेडियम.

सरकारी नजरेतून ही वस्ती म्हणजे 'मोडकळीला आलेली घरं'. पण याच वस्तीत आणि शहरभर आणखी एक माणूस कॅमेरा घेऊन फिरत होता: चार्ल्स 'टीनी' हॅरिस. १९०८ मध्ये जन्मलेले हॅरिस 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचे फोटोग्राफर होते. लग्न, वाढदिवस, बेसबॉल, संप, मोर्चे, शाळेतली मुलं असं सगळं त्यांनी टिपलं. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं. २००१ मध्ये त्यांच्या निगेटिव्ह शहरातल्या कार्नेगी म्युझियम ऑफ आर्टकडे आल्या. त्यांची संख्या ७० हजारांहून जास्त आहे.

अडचण एकच होती. बऱ्याच निगेटिव्हवर नावं नव्हती. संग्रहालयाने काय केलं? लोकांनाच विचारलं. फोटो दाखवून 'यात कोण आहे? हे कुठे आहे?' असं विचारत वयस्कर रहिवाशांच्या आठवणी नोंदवल्या. 'अनोळखी मुलगी' अशी नोंद असलेल्या फोटोला नाव मिळणं म्हणजे एका कुटुंबाला त्यांची आत्या किंवा आजी परत मिळणं.

आणि इथे घाई का असते तेही कळतं. स्कॅनर दहा वर्षांनी आणखी चांगला मिळेल. पण ओळखणारी माणसं दहा वर्षांनी असतीलच असं नाही.

'एन्हान्स' बटणाचा धोका

आता तुमच्या-माझ्या सवयीकडे येऊ. जुना फोटो हातात आला की आपण काय करतो? ॲप उघडतो, 'एन्हान्स' दाबतो, एआयने रंग भरतो. मजा म्हणून ठीक आहे. पण ८:३८ च्या फोटोवर हेच करून बघितलं तर काय होईल, याचा विचार करा.

काही ॲपमध्ये 'डीहेज' नावाचा पर्याय असतो. त्याचं कामच धूसरपणा कमी करणं. म्हणजे ज्या धुरासाठी तो फोटो जपला, तोच धूर ॲप 'दोष' समजून पुसायला जाईल. रंग भरणारं एआय आकाश निळं करेल, कारण त्याने शिकताना बघितलेल्या फोटोंमध्ये सकाळचं आकाश बहुतेक निळंच होतं. चेहरा स्पष्ट करणारं ॲप तर नवीन डोळे-नाक बनवून लावतं. ते त्या माणसाचे असतीलच असं नाही.

म्हणून आर्काइव्हचा नियम साधा आहे: मूळ स्कॅन जसा आहे तसाच ठेवायचा. ओरखडा असेल तर ओरखड्यासकट. बदल करायचे ते कॉपीमध्ये आणि 'हे बदलले आहे' असं लिहून.

मोबाइलवर असे फोटो कसे शोधायचे?

- रस्त्याचं किंवा वास्तूचं नाव टाका. 'जुने फोटो' असं सर्च करून हजारो निकाल येतात. रस्ता, पूल, दुकान यांचं नाव टाकलं तर थेट हवं ते मिळतं.
- जुनं नावही टाकून बघा. शहरांत रस्त्यांची नावं बदलतात. नोंद जुन्या नावाने असू शकते.
- फोटोखालची माहिती वाचा. तारखेआधी 'सुमारे' लिहिलं असेल तर तो अंदाज आहे, पक्की तारीख नाही.
- झूम करा. इतकी मोठी फाइल मोबाइलवर पटकन कशी उघडते? अनेक वेबसाइट चित्राचे छोटे चौकोनी तुकडे करून ठेवतात आणि तुम्ही बघताय तेवढेच तुकडे पाठवतात. ऑनलाइन नकाशातही हेच होतं. यासाठी बरीच विद्यापीठं 'ट्रिपल आय एफ' नावाची सामायिक पद्धत वापरतात.
- हक्कांची नोंद बघा. फोटो ऑनलाइन आहे म्हणजे कुठेही वापरायला मोकळा आहे, असं नाही. प्रत्येक फोटोच्या पानावर हक्कांबद्दल काय लिहिलंय ते वाचा आणि वापरताना संग्रहाचं नाव द्या.

घरच्या अल्बमसाठी हेच कसं करता येईल?

यासाठी विद्यापीठ लागत नाही. मोबाइल आणि एक मोकळी दुपार पुरते.

१. लेन्स पुसा. फोटो खिडकीजवळ सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा आणि मोबाइल फोटोच्या बरोबर वर, समांतर धरा.

२. फोटोची मागची बाजूही टिपा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, आजोबांच्या अक्षरातलं नाव बहुतेक वेळा तिथेच असतं.

३. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटेल. पानासकट फोटो घ्या.

४. फाइलला नाव द्या. 'आयएमजी २०४५' पेक्षा '१९७८_सुमारे_आजी_सातारा_०१' हे नाव कधीही चांगलं.

५. घरातल्या मोठ्यांसोबत बसा, एकेक फोटो दाखवा आणि ते बोलत असताना मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. कोण, कुठे, कधी, कोणत्या निमित्ताने, एवढे चार प्रश्न पुरेसे आहेत. मात्र फोटोचा नंबर रेकॉर्डिंगमध्ये बोलायला विसरू नका, नाहीतर नंतर कळणार नाही की गोष्ट कोणत्या फोटोची आहे.

६. मूळ फाइल व्हॉट्सॲपवर नेहमीसारखी फोटो म्हणून पाठवू नका. तिथे फोटो लहान होतो आणि सोबतची तारीख-वेळेची माहितीही निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर ठेवून लिंक द्या.

७. ३-२-१ लक्षात ठेवा: एकूण ३ कॉपी, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ घराबाहेर. उदाहरणार्थ लॅपटॉप, पेन ड्राइव्ह आणि क्लाउड.

८. स्कॅन झालं म्हणून मूळ फोटो फेकू नका. उद्या चांगला स्कॅनर मिळाला तर पुन्हा मूळच लागेल.

नेहमी पडणारे दोन प्रश्न

मोबाइलचा कॅमेरा पुरेसा आहे का?
छोट्या प्रिंटसाठी हो. काही न करण्यापेक्षा तर नक्कीच. निगेटिव्ह किंवा फार जुने, दुर्मीळ फोटो असतील तर फोटो स्कॅनर वापरा आणि दर इंचाला किमान ६०० पिक्सेल ठेवा. छोट्या निगेटिव्हसाठी याहून बरंच जास्त लागतं.

ज्या फोटोतलं कोणीच ओळखू येत नाही, त्याचं काय करायचं?
ठेवा. कपडे, गाडी, पाटी, मागची इमारत यावरून काळ आणि जागा कळू शकते. जे माहीत आहे तेवढंच लिहा आणि अंदाज असेल तर 'अंदाज' असं लिहा. चुकीचं नाव पक्कं म्हणून लिहिलं तर पुढचा माणूस त्यावरच विश्वास ठेवेल.

पिट्सबर्गच्या त्या चौकात कॅमेरा लावणाऱ्याने फार काही वेगळं केलं नव्हतं. फोटो काढला आणि वेळेची नोंद ठेवली. पुढे कोणीतरी ती काच न फोडता सांभाळली, कोणीतरी स्कॅन केली आणि कोणीतरी ती वेळ रकान्यात नीट टाइप केली. यातला एक जरी चुकला असता तरी आज तो रात्रीचाच फोटो वाटला असता. तुमच्या घरातल्या अल्बममध्ये वेळ आणि नाव लिहायचं काम अजून कोणीतरी करायचं बाकी आहे. या रविवारी सुरुवात करा, आणि पहिला फोटो असा निवडा ज्यातल्या माणसांची नावं घरात फक्त एकाच व्यक्तीला माहीत आहेत.